बेगमपुऱ्यात मकबरा आणि पाणचक्की सोडून लेकरांना काय दाखवावं?

सेलूचा मास्तर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की नववीच्या वर्गाची सहल संभाजीनगरला काढायची आहे. आमच्या शाळेचा साचा ठरलेला: सकाळी मकबरा, मग पाणचक्की, पळत-पळत देवगिरी, दिवस मावळताना वेरूळ, रात्री परत सेलू. लेकरं गाडीत ओकतात आणि वहीत 'सहल छान झाली' असं लिहितात. यंदा मुख्याध्यापकांना पटवलं की चार ठिकाणं पळवण्यापेक्षा एकच भाग पायी नीट बघू.

मकबरा आणि पाणचक्की दोन्ही बेगमपुऱ्याच्या अंगाला आहेत. हा पुरा म्हणजे जुन्या शहराच्या तटाबाहेरचं उपनगर होतं, एवढं माहीत आहे. पण तिथं कोण राहायचं? नदीपलीकडे का वसला? आज त्यातलं काय उरलंय? चाळीस लेकरं, दोन शिक्षक, एक मॅडम आणि सकाळचे तीन-चार तास असा हिशोब धरून सांगा. इमारतींची यादी नको, ती मोबाइलवर मिळते. तिथं राहिलेल्या माणसाने सांगावं.

बुढ्ढी लेन

मास्तर, नान-खलिया, म्हणजे आमच्याकडचं रोटी-मटण, खाऊ घाला लेकरांना. बाकी इतिहास आपोआप कळतो.

सेलूचा मास्तर

अहो, निम्मी लेकरं माळकऱ्यांच्या घरची आहेत. डबे सोबत आणणार आहोत.

नळवाले काका

मास्तर, मी बेगमपुऱ्यातच जन्मलो, आणि नोकरीही पाण्याचीच केली, व्हॉल्व्ह फिरवण्यापासून सुरुवात करून. तेव्हा माझं सांगणं एका अंगाला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आमच्याकडे कुणालाही विचारा, 'बावन्न पुरे, बावन्न दरवाजे' ही ओळ तोंडपाठ. मग माणूस दरवाजे मोजायला निघतो. तसं केलंत तर लेकरांना कमानींशिवाय काही दिसणार नाही. पाण्याच्या मागे चला. पुरा कुठं वसला, का वसला आणि का उजाड झाला, हे पाणी सांगतं.

मलिक अंबरने १६१० मध्ये इथे खडकी गाव वसवलं. निजामशाहीचा वजीर, जातीने हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. गाव वसवलं तेव्हा भरवशाचं पाणी म्हणावं असं काही नव्हतं. खाम नदी बारमाही नाही. पण उत्तरेला डोंगर आहे आणि डोंगराच्या पोटात झरे आहेत. त्याने जमिनीखालून नहर काढून ते पाणी गावात आणलं. १६१७ च्या सुमारास ते काम झालं. त्याच्या मागून दुसऱ्या नहरी झाल्या, त्यातलीच एक पाणचक्कीची. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, गावाचं नाव फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून पुन्हा आला आणि औरंगाबाद झालं. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात जे ठळक येत नाही ते पुढे.

मोगलांची फौज म्हणजे एकट्या बादशहाची फौज नव्हे. राजपूत, बुंदेले, प्रत्येक सरदार आपली माणसं, घोडे, हत्ती, बाजारबुणगे, भटजी, हलवाई सगळं घेऊन येणार. येवढा पसारा तटाच्या आत मावत नाही. त्याला मोकळं रान पाहिजे, वैरण पाहिजे आणि रोज जनावरांना पाजायला पाणी पाहिजे. म्हणून हे लोक शहराबाहेर उतरले आणि वर्षानुवर्षं राहिले. तळाचं गाव झालं, त्याला सरदाराचं नाव पडलं. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, ओरछाच्या पहाडसिंग बुंदेल्याचा पहाडसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगाचा कर्णपुरा, त्याच घराण्यातल्या पदमसिंगाचा पदमपुरा. तुमची लेकरं शिवाजी महाराजांच्या धड्यात पुरंदरच्या तहाचे जयसिंग वाचतात ना? तेच हे. पुस्तकातला माणूस इथे रिक्षाच्या थांब्याचं नाव होऊन बसलाय, हे त्यांना नक्की सांगा, मजा वाटेल.

या सगळ्यांत बेगमपुऱ्याचा थाट निराळा, कारण तो बादशाही घराचा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिचा मकबरा १६६०-६१ च्या सुमारास उभा राहिला. त्याच्या आसऱ्याने वस्ती वाढली आणि पुढे या पुऱ्याला स्वतःचा तटसुद्धा मिळाला. शहरातून इकडे यायला खामवर पूल आणि पुलाच्या तोंडाशी दरवाजा: मकई, बारापुल्ला, महमूद. तिन्ही अजून उभे आहेत. मकबऱ्याबद्दल मी काही सांगत नाही, तिथे सांगणारे पुष्कळ. फक्त एक करा. लेकरांना भिंतीला हात लावून बघायला सांगा, संगमरवर कुठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो. खर्च नोंदलेला आहे, ६ लाख ६८ हजार २०३ रुपये आणि वर ७ आणे. सात आण्यांचाही हिशोब ठेवलाय बघा, आमच्या ठेकेदारांनी शिकण्यासारखं आहे.

मग पुरे उजाड का झाले? लढाईने नाही. निजामाची राजधानी आधी इथेच होती, १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली. दरबार गेला, दरबाराबरोबर पगार गेला, पगारामागे माणसं गेली. हवेल्यांची माती झाली आणि त्या मातीत लोकांनी ज्वारी पेरली. माझ्या लहानपणी मकबऱ्याच्या मागे सरळ शेतंच होती. नांगराला विटा लागायच्या. उरलं काय तर नाव आणि जमिनीखालची नहर.

आता नहर. हे पाणचक्कीतच समजावून सांगा. डोंगराकडून पाणी काही कोस जमिनीखालून येतं, भाजलेल्या मातीच्या नळांतून. आम्ही खापरी नळ म्हणतो. एका नळाचं निमुळतं तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसवायचं, सांध्याला चुना भरायचा आणि भोवती दगड-चुन्याचं बांधकाम करायचं. मी ते उघडं पाहिलंय. एका ठिकाणी रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला होता, आणि एकदम खड्ड्यात पाणी भरायला लागलं. ठेकेदाराचा माणूस आमच्यावर ओरडायला लागला, तुमची लाईन फुटली म्हणून. मी नकाशा उघडून दाखवला, तिथे आमची लाईनच नव्हती. खाली उतरून हात घातला तर पाणी गार आणि काचेसारखं, क्लोरिनचा वास नाही. फुटलेल्या नळाची खापरी बोटभर जाड, आतून गुळगुळीत, बाहेरच्या अंगाला कुंभाराच्या बोटांचे वळसे तसेच्या तसे. ते फिरवून फिरवून बघत होतो तोवर त्या शहाण्याने भोकात सिमेंटचं पोतं कोंबून माती लोटली. खाली ज्या कुणाची विहीर त्या नहरीवर असेल, ती त्या दिवसापासून आटली असणार. अशीच एकेक करत नहर मेली, शत्रूने नाही मारली.

पोरं विचारतील की पंप नसताना पाणी उंच भिंतीवर चढतं कसं. उत्तर सोपं आहे: डोंगरातला उगम त्या भिंतीपेक्षा उंच आहे आणि नळ बंद आहे. मध्ये सखल भाग आला तरी पाणी खाली उतरून पुन्हा आपली पातळी गाठतं. अडचण एकच, हवा. नळात हवा अडकली की पाणी तुंबतं. म्हणून वाटेत जागोजागी विटा-दगडांचे मनोरे उभे केले, त्यातून हवा बाहेर पडायची आणि गाळही बसायचा. आजच्या लोखंडी लाईनवर आम्ही एअर व्हॉल्व्ह बसवतो तो याच कामासाठी. असे मनोरे जुन्या वस्त्यांत अजून दिसतात, लोक त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळवतात.

पाणचक्की १७४४ च्या सुमारास तुर्कताज खानाने बांधवली. बाबा शाह मुसाफिर यांच्या तिथल्या दर्ग्याला येणाऱ्या फकीर-मुसाफिरांसाठी तिथे दळण व्हायचं. भिंतीवरून पाणी हौदात पडतं ते सगळे बघतात. लेकरांना त्या हौदाच्या खाली काय आहे ते विचारा. खाली दालन आहे, हौदाचा तळ म्हणजे त्या दालनाचं छत. वर येवढं पाणी आणि खाली मे महिन्यातसुद्धा गारवा. चक्कीचा आस उभा आहे: खाली पाण्याच्या धारेने पाती फिरतात, वर जातं फिरतं. उन्हाळ्यात धार बारीक असते, पण तुम्ही दिवाळीनंतर येताय, तोवर बरी असते.

आणि हे मात्र लेकरांना सांगाच. आज शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणाचं. पैठणची पातळी शहरापेक्षा खाली, त्यामुळे पंप लावून वर चढवावं लागतं. तिकडे वीज गेली की इकडे नळ कोरडे, आणि एरवीसुद्धा पाण्याचा वार ठरलेला, रोजचं नाही. लोकवस्ती कित्येक पट वाढली हे खरंच आहे, नहरीवर आजचं शहर जगणार नाही, उगाच जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. पण जे फुकट खाली वाहत येत होतं ते तरी बुजवायचं काहून?

तुमचा रस्ता असा धरा. मकबऱ्यापासून सुरू करू नका, पाणचक्कीपासून करा. तिथे एक तास. लागूनच महमूद दरवाजा आणि खाली खाम. खामचे काठ अलीकडे बरेच साफ झालेत, झाडं लावलीत, थांबून बघता येतं. मग बेगमपुऱ्याच्या गल्लीत शिरा. तिथे थत्ते हौद आहे, नहरीचं पाणी घेणारा. तो चुकवू नका, बाहेरगावच्या गाड्या तिथे कधीच थांबत नाहीत. आजूबाजूच्या घरांनी अगदी परवापर्यंत त्या पाण्यावर भांडी-कपडे केलेत. तिथून मकबरा. डबे मकबऱ्याच्या आवारात नाही, बाहेर सावली बघून उघडा.

जयसिंगपुऱ्याची सून

काकांनी पाण्याचं सांगितलं, ते खरंच. पण पुरा उजाड होऊन तसाच राहिला असं वाचणाऱ्याला वाटेल, म्हणून पुढचं मी लिहिते.

मी लग्न होऊन इथे आले ते मानवतहून. सासूबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं आठवतं, 'आपल्याकडे शेत नाही, पोरं आहेत.' पोरं म्हणजे भाडेकरू विद्यार्थी. मागच्या अंगणात पत्र्याच्या चार खोल्या, एका खोलीत तिघं. घनसावंगी, कळमनुरी, मुखेड, परांडा, कुठली-कुठली पोरं. गावाकडून येताना ज्वारीचं पोतं आणि शेंगदाण्याची चटणी आणायची, गॅस संपला की आमच्या चुलीवर भात टाकायची. उजाड पुरा पुन्हा वसला तो या पोरांनी वसवला. फौज गेली, दोनशे वर्षांनी विद्यार्थी आले.

मास्तर, मकबऱ्यावरून परत फिरू नका. तसंच पुढे विद्यापीठाच्या गेटपर्यंत या. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा पुढचं शिकायचं तर पोराला हैदराबाद नाहीतर पुणं-मुंबई. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. आधी छावणीतल्या जुन्या इमारतींत वर्ग भरायचे, मग नागसेनवन, म्हणजे कॉलेजचा आपला परिसर, उभं राहिलं. विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं. त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरं जाळली, माणसं मारली. नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला. तुमच्या परभणी जिल्ह्यातल्या लेकरांना हे त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं असेल. गेटसमोर उभं राहून नीट सांगायला तुम्हीच पाहिजेत.

दर १४ जानेवारीला आमच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. लोक रात्रीच येतात, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, आणि पुस्तकांची दुकानं. संक्रांतीचं वाण लुटायचं ते आम्ही आदल्या-दुसऱ्या दिवशी उरकतो. माझ्या सासूबाई त्या दिवशी दारात पाण्याचा पिंप आणि तिळगुळाचं ताट ठेवायच्या, आता मी ठेवते. नळाला त्या दिवशी वार नसला तर टँकर मागवते.

विद्यापीठाच्या आवारातच डोंगराकडे सोनेरी महाल आहे, पहाडसिंगपुऱ्याचा. पहाडसिंग बुंदेल्याचीच हवेली, आतल्या चित्रांत सोन्याचा रंग होता म्हणून ते नाव. आता तिथे सरकारी संग्रहालय आहे. बंद कधी असतं ते आधी विचारून या. आणि मॅडम सोबत आहेत म्हणून सांगते, मुलींसाठी स्वच्छतागृह मकबऱ्यावरच उरकून घ्या, पुढच्या वाटेवर हाल होतात.

सेलूचा मास्तर

ताई, काका, हात जोडतो. अगदी हेच पाहिजे होतं. एक शंका. हे राजपूत सरदार आले, राहिले, मग त्यांच्या जमिनींचं काय झालं? राजधानी हलली तसे तेही गेले का?

छावणीवाला

मास्तर, बाकीच्यांचं सोडा, बिकानेरवाल्यांचं मी सांगतो, कारण मी कर्णपुऱ्याच्या देवीच्या पायाशीच वाढलोय. आमचा पट्टा बेगमपुऱ्याच्या दक्षिणेला.

करणसिंग इथेच वारला, १६६९ मध्ये. कर्णपुऱ्याचं देवीचं मंदिर त्याच्याच वेळचं सांगतात. आणि ऐका, राजधानी हैदराबादला गेली, मोगल संपले, पण कर्णपुरा, पदमपुरा या जागा कागदोपत्री बिकानेर संस्थानच्याच राहिल्या, पार इंग्रजांच्या काळापर्यंत! १९०४ च्या सुमारास महाराजा गंगासिंगांनी त्या इंग्रज सरकारला सोडल्या आणि बदल्यात हिस्सारकडची दोन गावं नि रोकड घेतली. पुढे त्यांनी सतलजचा कालवा आणून वाळवंट भिजवलं, तिकडे श्रीगंगानगर जिल्ह्यात आजही पदमपूर आहे, करणपूर आहे, केसरीसिंगपूर आहे. राजस्थानचा नकाशा लावा मोबाइलवर आणि लेकरांना शोधायला सांगा. काकांच्या मनासारखं झालं बगा, तिथंही शेवटी पाणीच!

नवरात्रात इकडे येऊ नका मात्र. पहाटे तीनपासून अनवाणी बाया-माणसं, पंचवटी चौकापासून रांग, पाळणे, रेवड्या, बत्तासे. लई गर्दी. गुरुवारीही टाळा, छावणीचा बाजार असतो, गुरं-ढोरं सगळं रस्त्यावर. माझा आजा बैल इथूनच घ्यायचा. वेळ उरला तर जाताना क्रांती चौक दाखवा. १८५७ मध्ये छावणीतल्या घोडदळाने बंड केलं होतं. मीरत-दिल्ली सगळ्यांना पाठ, आपल्याकडचं कुणी शिकवत नाही. बंडवाल्यांना जिथे मारलं तो काळा चबुतरा त्या चौकातच.

नळवाले काका

बिकानेरची गोष्ट मला नवी. झकास!

मास्तर, ताईंनी सोनेरी महालापर्यंत आणलंच आहे तर मागचा डोंगर बघून लेणी करायचा मोह होईल. औरंगाबाद लेणी म्हणतात ती तिथेच वर आहेत, बौद्ध, मलिक अंबरच्या हजार वर्षं आधीची. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचं शिल्प आहे: आग, चोर, साप, हत्ती, बुडणारं जहाज अशा आठ संकटांत सापडलेली माणसं त्याचा धावा करतात. तिसऱ्यात बुद्धापुढे गुडघे टेकून बसलेले भक्त आहेत, बाया आणि बाप्ये, एकेकाचा केशसंभार वेगळा. वेरूळ वगळलंत त्याची पूर्ण भरपाई होते. पण मकबऱ्यापासून वाट दोन-तीन किलोमीटरची, चढ आहे, पायऱ्या आहेत, वर पाणी मिळत नाही. चाळीस लेकरांना चालवत नेऊ नका. गाडी पायथ्यापर्यंत जाते, ती बोलवून घ्या आणि हे जेवणानंतर करा.

सेलूचा मास्तर

मग असं ठरवतो: पाणचक्की, महमूद दरवाजा, थत्ते हौद, मकबरा, डबे, विद्यापीठाचं गेट, सोनेरी महाल, गाडीने लेणी. देवगिरी रद्द. मुख्याध्यापक कुरकुरणार, ते मी बघतो. पाणचक्कीपर्यंत एस.टी. कुठून आणू?

नळवाले काका

ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा की मकई किंवा महमूद दरवाजातून मोठी गाडी घालायची नाही. मोबाइल सरळ तिथूनच रस्ता दाखवतो आणि मग कमानीत गाडी अडकून दोन्हीकडे अर्धा किलोमीटर रांग लागते. लेकरांना पाणचक्कीच्या अलीकडे उतरवा, गाडी लांबून फिरवून मकबऱ्याच्या वाहनतळावर लावायला सांगा. यायच्या आधी दोन दिवस इथे लिहा. तब्येत ठीक असली तर थत्ते हौदापाशी मी येऊन उभा राहतो. खापरीचा एक तुकडा घरी जपून ठेवलाय, तो लेकरांच्या हातात देता येईल.